बैलाचे दात मोजता येतात

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला माणूस सहसा एकटा येत नाही. बरोबर चुलता असतो, मेहुणा असतो, गावातला एखादा जाणकार असतो. पैसे एकाच्या खिशात, पण डोळे चौघांचे. एक जण बैलाचा जबडा उघडून दात बघतो. दुसरा मागे थांबून चाल बघतो, खुरांकडे नजर टाकतो. तिसरा खांद्यावरून तळहात फिरवत जुनी गाठ, सूज, जखमेचा वण चाचपतो. चौथा काहीच करत नाही. तो हेड्याच्या, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याच्या, तोंडाकडे बघत उभा असतो.

दातांचा हिशेब बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला शाळेत न जाताही येतो. दुधाचे दात असलेला तो आदत. पक्के दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही दात आले की जुळलेला. दोन-अडीच वर्षांपासून पाच वर्षांपर्यंतचं वय या एका खुणेवरून कळतं, आणि हेड्याने कितीही शपथा घेतल्या तरी दात खोटं बोलत नाहीत. भोवरा कुठे आहे, रंग कोणता, शिंगांची ठेवण कशी, हेही पाहिलं जातं. त्यातलं सगळंच उपयोगाचं नसतं. पण बैल मारका आहे का, जुंपल्यावर बसतो का, उजवीकडे चालायची सवय आहे की डावीकडे, हे प्रश्न थेट पोटाशी जोडलेले आहेत.

कारण हा बैल बहुतेकदा उसाच्या गाडीला जुंपायचा असतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती तोडीतून फेडायची. गाडी सेंटरवर, म्हणजे जिथे तोडलेला ऊस बैलगाडीने वाहायचा असतो तिथे, जाणाऱ्या जोडप्याला बैलजोडी लागते, आणि चांगल्या जोडीची किंमत लाखाच्या पुढे जाते. म्हणजे जे पैसे अजून कमावलेलेच नाहीत, त्या पैशांनी ही खरेदी होते. हंगामाच्या मध्यावर एक बैल पायाने अधू झाला तर फक्त बैलाचं नुकसान होत नाही. वाहतुकीची कमाई थांबते, उचल तशीच राहते आणि पुढच्या वर्षीचे हातही आधीच बांधले जातात.

ग्राहकाच्या वागण्याचा अभ्यास करणारे खरेदीचे ढोबळ दोन प्रकार मानतात. मीठ, साबण, काडेपेटी घेताना डोकं फार चालवावं लागत नाही. चुकलं तर पुढच्या वेळी दुसरं घेता येतं. दुसऱ्या प्रकारची खरेदी क्वचित होते, महाग असते आणि चुकली तर परत फिरता येत नाही. अमेरिकेत जॉन हॉवर्ड आणि जगदीश शेठ यांनी १९६९ मध्ये या निर्णयांचा सविस्तर सिद्धांत मांडला. माणूस माहिती कशी गोळा करतो, पर्याय कसे गाळतो आणि खरेदीनंतरच्या समाधानातून पुढच्या वेळेसाठी काय शिकतो, याची साखळी त्यात आहे. त्या साखळीतला शेवटचा दुवा बीडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला फारसा येत नाही. बैल, ट्रॅक्टर, बोअर, मुलीच्या लग्नासाठीची ठेव हे सौदे आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होतात. स्वतःच्या चुकीतून शिकायला दुसरी संधी मिळेलच असं नाही. म्हणून तो दुसऱ्यांच्या अनुभवावर चालतो, आणि त्याचा निर्णय बरोबर ठरतो की नाही हे त्या दुसऱ्यांना खरोखर काय माहीत आहे यावर ठरतं.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करत होते. १९७० मध्ये त्यांचा जो लेख छापून आला, त्याला आधी तीन नियतकालिकांनी नकार दिला होता. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते मुख्यतः त्याच कामासाठी. लेखाचा विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतो आणि भाव पाडतो. त्या पडत्या भावात चांगली गाडी विकायला कुणी तयार होत नाही, आणि बाजारात उरतात त्या खोट असलेल्या गाड्या. त्याच लेखात भारतातली उदाहरणंही आहेत: बाजारातला तांदूळ निवडणाऱ्या बायका आणि खेड्यातला सावकार.

अकरलॉफ यांनी सांगितलेला धोका बैलबाजारात रोजचाच आहे, आणि त्यावरचे उपायही बाजाराने स्वतःच घडवले आहेत. आधी इसार द्यायचा, पूर्ण रक्कम नाही. बैल कामाच्या बोलीवर घ्यायचा, म्हणजे जुंपून चालला तरच सौदा पक्का. शक्य असेल तिथे जागेवरच जुंपून बघायचा. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत आहे. त्यात शेजारच्या गिऱ्हाइकाला आकडा कळत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना मोकळेपणाने वर-खाली होता येतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ओळखीचा हेडी. मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करताना मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांना हेच दिसलं होतं. जिथे मालाची खात्री नसते तिथे लोक पुन्हापुन्हा त्याच विक्रेत्याकडे जातात, कारण ज्याला पुढच्या वर्षीही त्याच बाजारात उभं राहायचं आहे तो यंदा फसवताना दहा वेळा विचार करतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी आजारामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, आणि नेमका तो ऊसतोडीच्या तयारीचा काळ होता. रोग रोखायला ते गरजेचंच होतं. पण बाजार बंद होतो तेव्हा दावणीला शेजारी शेजारी उभ्या असलेल्या शंभर जनावरांची तुलनाही बंद होते. दारात उभा असलेला एकच बैल चांगला की वाईट, हे ठरवणं जाणकारालाही जड जातं.

ट्रॅक्टर घेताना हीच चौघांची फौज शोरूममध्ये जाते, फक्त जाणकाराच्या जागी मेकॅनिक येतो. बीड, माजलगाव, अंबाजोगाई, केज इथले अनुभवी गिऱ्हाईक इंजिनाच्या अश्वशक्तीआधी विचारतात की या कंपनीचा सुटा भाग तालुक्याला मिळतो का, आणि गावात हे इंजिन कुणाला खोलता येतं. हे विचारणं शहाणपणाचं आहे. ऐन पेरणीत ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला तर जाहिरातीतलं मायलेज काही कामाचं नाही.

सल्ला कुणाचा घ्यायचा, यात मात्र एक खाच आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत डॅनुटा एर्लिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी मोटार घेतलेल्या लोकांच्या वाचनाचा अभ्यास केला. गाडी घेऊन झाल्यावरही ही माणसं त्याच गाडीच्या जाहिराती अधिक वाचत होती. ज्या गाड्या विचारात घेऊन सोडून दिल्या, त्यांच्या जाहिरातींकडे तेवढं लक्ष देत नव्हती. मोठा खर्च झाला की मनाला तो बरोबर होता याचा पुरावा हवा असतो. म्हणून ज्याने मागच्या पाडव्याला ट्रॅक्टरला हार घातला, तो त्याची स्तुतीच करणार, आणि त्यात खोटेपणा काही नाही. पाच पेरण्या काढलेल्या मालकाला किंवा दिवसभर त्यावर बसणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं तर वेगळं काही कळतं.

लोखंड पारखण्यात बीडचा शेतकरी सहसा चुकत नाही. चुकतो तो कागदात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सात लाख मूळ किमतीच्या ट्रॅक्टरवर हा फरक ४९ हजारांचा. ही बातमी गावोगावी पोचली. पण कर्जाच्या दरात याच्याहून मोठा फरक दडलेला असतो आणि त्याची बातमी होत नाही. समजा पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी १० टक्क्यांनी घेतलं. व्याज घटत्या शिलकीवर असेल तर मासिक हप्त्याने पाच वर्षांत सुमारे १ लाख ३७ हजार व्याज जातं. तोच १० टक्के दर ‘फ्लॅट’ असेल, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या रकमेवरच धरलं, तर अडीच लाख जातात. फ्लॅटचा १० टक्के म्हणजे घटत्या हिशेबाचा १७ टक्क्यांहून जास्त. किमतीत दहा हजार कमी करून घेण्यासाठी तासभर घासाघीस करणारा माणूस इथे एका शब्दावर लाखभर रुपये सोडून येतो, आणि सोबतच्या चौघांपैकी कुणालाही ते दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून यावर एक इलाज दिला आहे. किरकोळ कर्ज देताना बँकेने किंवा वित्त कंपनीने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यायचा, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, हे त्यात लिहिलेलं असतं. दोन कंपन्यांची कर्जं शेजारी ठेवून तुलना करायची तर तो एकच आकडा पुरतो. अडचण वेळेची आहे. शोरूममध्ये पेढे वाटून झाल्यावर, सह्यांच्या गठ्ठ्यात तो कागद हाती आला तर कुणी वाचत नाही. तो आधी मागायला हवा, ट्रॅक्टरचा रंग ठरण्याच्याही आधी.

बोअरची गोष्ट याहून कठीण. बैल पाहता येतो, ट्रॅक्टर चालवून बघता येतो. बोअर घेणारा माणूस जमिनीखालची अशी वस्तू विकत घेतो जी कदाचित तिथे नसेलच. बीड जिल्ह्याखाली प्रामुख्याने बेसाल्ट आहे. या खडकात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. भेग लागली तर पाणी, नाही तर धुरळा, आणि दहा पावलांवर नशीब बदलतं. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या दुष्काळी पट्ट्यात एकाच शिवारात एकाला तीन इंच पाणी आणि शेजाऱ्याला कोरडं छिद्र, हे नवं नाही.

अशा ठिकाणी पाणाडी येतो. तळहातावर नारळ उभा राहतो, कडुनिंबाची दुबेळकी फांदी वळते आणि तो टाच आपटून जागा दाखवतो. त्याच्यावर विश्वास बसतो तो गावाच्या आठवणीमुळे. लागलेल्या बोअरची गोष्ट पंचक्रोशीत फिरते. कोरडं गेलेलं बोअर मालक कुणाला सांगत बसत नाही. विचारणाऱ्याच्या कानावर फक्त यश येतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक खडकाची विद्युत रोधकता मोजून अंदाज देतात. त्यातही हमी नसते, पण तो अंदाज खडक पाहून दिलेला असतो.

गाडी लागल्यावर तर निर्णय फुटाफुटाने घ्यावा लागतो. बोअरच्या अनेक गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेच्या; दुष्काळाच्या वर्षांत त्या मराठवाड्यात मोठ्या संख्येने येतात. दर फुटावर असतो, खोली वाढली की पुढच्या टप्प्याचा दर चढतो, केसिंगचे पैसे वेगळे. दोनशे फूट झाले, ओल नाही. आता थांबायचं तर आतापर्यंतचे पैसे पाण्यात, खरं तर पाण्याविना गेले. ‘अजून पन्नास फूट जाऊ द्या,’ कुणीतरी म्हणतं. मग अजून पन्नास. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की नाटकाच्या तिकिटांचे ज्यांनी जास्त पैसे मोजले, ते सुरुवातीच्या महिन्यांत जास्त प्रयोगांना गेले. नाटक तेच, फक्त खर्च झालेला पैसा त्यांना ओढत होता. तिथे संध्याकाळ जाते, इथे सोनं गहाण पडतं. शिवाय साठ मीटरहून खोल विहिरींवर महाराष्ट्राचा भूजल कायदा बंधनं घालतो, आणि बेसाल्टमध्ये खोल गेल्याने पाणी लागण्याची शक्यता वाढत जात नाही, उलट घटते. कुठे थांबायचं हा आकडा घरी, शांत डोक्याने, गाडी दारात येण्यापूर्वी ठरवून कागदावर लिहिला तरच तो टिकतो. ड्रिलचा आवाज सुरू झाल्यावर गणित होत नाही.

कापसाच्या बियाण्याचं पाकीट याच्यापुढे अगदीच लहान दिसतं. बीजी-२ कपाशीच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली किंमत २०२५ मध्ये ९०१ रुपये होती. पण त्या पाकिटावर सबंध वर्ष उभं असतं, म्हणून गेवराई-माजलगावच्या कापूस पट्ट्यात मे महिन्यात दुसरा विषय नसतो. शेतकरी वाणाच्या नंबराने किंवा नावाने बियाणं मागतो, आणि गाव ज्याच्या मागे लागलं तोच वाण बाजारात कमी पडतो. तेलंगणातल्या वारंगळमध्ये ग्लेन स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं हेच टिपलं. २००७ च्या त्याच्या लेखातलं निरीक्षण असं की एखाद्या हंगामात अख्खं गाव एकाच वाणावर झडप घालतं आणि पुढच्या हंगामात तो सोडून देतं. तो वाण सरस असल्याचं कारण शेतात सापडत नाही; शेजाऱ्याने घेतला म्हणून तो घेतला जातो. दहा जणांना विचारलं तरी ती दहा मतं नसतात. एकाचंच मत दहा तोंडांनी ऐकू येतं.

सोयाबीनच्या बाबतीत मात्र शेतकऱ्याच्या हातात एक परीक्षा आहे, आणि ती फुकट आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि मोड मोजायचे. किमान सत्तर उगवले तर बियाणं प्रमाणित निकषात बसतं. जून २०२० मध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, त्या वर्षी हे गोणपाट अनेकांचा खर्च वाचवू शकलं असतं. पेरणी झाल्यावरचा रस्ताही बंद नाही. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्यासाठी पावती, रिकामं पाकीट, त्यावरचं लेबल आणि मूठभर उरलेलं बियाणं जपून ठेवावं लागतं. ओळखीचा दुकानदार ‘पावती कशाला, मी आहे ना’ म्हणतो तेव्हाही.

हा ‘मी आहे ना’ बीडमध्ये सर्वांत महाग पडला तो ठेवींत.

बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट सहकारी पतसंस्थेत लाखो ठेवीदारांनी हजारो कोटी रुपये ठेवले होते. बँकेपेक्षा व्याज बरंच जास्त होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थेशी संबंधित उद्योगसमूहावर आयकर विभागाची कारवाई झाली. पैसे काढायला रांगा लागल्या, शाखांना कुलपं लागली, जागोजागी गुन्हे दाखल झाले आणि जून २०२४ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली. ईडीचाही तपास सुरू झाला. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, पण ठेवीदारांच्या घरातलं लग्न, दवाखाना, शिक्षण त्यासाठी थांबत नाही.

बाहेरच्यांना वाटतं की हे लोक व्याजाच्या हावेने फसले. हे म्हणणं अन्यायाचं आहे. या माणसांनी बैल घेताना जे केलं तेच इथेही केलं. जाऊन इमारत पाहिली. शाखेत नात्यातला, गावातला पोरगा कामाला होता, त्याला विचारलं. आधी ठेव ठेवलेल्या पाच जणांना विचारलं की व्याज वेळेवर मिळतं का. पाचही जण म्हणाले, महिन्याच्या महिन्याला मिळतं. ते खरंच होतं. पण व्याज मिळतं हा ठेव सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. संस्था कोसळेपर्यंत ते मिळतच असतं. ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणीही मुद्दल कुठे गुंतवलंय हे पाहिलं नव्हतं, त्यांनीही आणखी कुणाला तरी विचारूनच पैसे ठेवले होते. बैलाच्या खांद्यावर स्वतः हात फिरवणारा साक्षीदार इथे एकही नव्हता.

तिथे विचारायचे प्रश्न कोरडे आहेत, पण त्यांची उत्तरं मिळतात. बँकेतली ठेव बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवली. विमा असलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर आहे, आणि पतसंस्था, मग ती साधी असो की मल्टिस्टेट, त्या यादीत नसते. मल्टिस्टेटची नोंदणी दिल्लीत केंद्रीय निबंधकाकडे होते. रिझर्व्ह बँक तिच्यावर बँकेसारखी देखरेख ठेवत नाही. आणखी एक गोष्ट पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांत किंवा अर्जावर सापडते: ठेवीदाराला सभासद केलंय की नाममात्र सभासद. २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्यानुसार नाममात्र सभासदाला मत देता येत नाही, संचालक निवडता येत नाही आणि सर्वसाधारण सभेत भाग घेता येत नाही. म्हणजे ज्या सभेत ताळेबंद मांडला जातो आणि पैसे कुठे गेले हे विचारता येतं, त्या सभेचं दार पैसे ठेवणाऱ्यासाठी अर्जावर सही करतानाच बंद झालेलं असतं.